उबेच्या शोधांत

अलीकडे आमच्या परिचयाच्या मंडळींत पन्नाशी उलटली कीं एक विषय हटकून निघूं लागला आहे. पूर्वीं या वयांत मुलीचें लग्न, मुलाची नोकरी आणि स्वतःची प्रकृति एवढेच बोलण्याचे विषय असत. आतां त्यांच्या जोडीस "निवृत्तीनंतर राहावयाचें कोठें?" हा प्रश्न येऊन बसला आहे, आणि गंमत अशी कीं, प्रश्न नवा असला तरी सर्वांचें उत्तर एकच असतें. वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा खारघर येथील जागा विकावी अथवा भाड्यानें द्यावी, कोंकणांत समुद्राच्या अंगास एखाद्या लहानशा गांवीं पांच-सात गुंठे घ्यावे, वर कौलारू घर उभारावें आणि हातपाय धड आहेत तोंच बस्तान हलवून उरलेलें आयुष्य "माणसांत" घालवावें! दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत राहणाऱ्या सुशिक्षितांस माणसें शोधण्यासाठीं दोनदोनशें किलोमीटर दूर जावेंसें वाटतें, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिच्या मुळाशीं खरें दुःख आहे. परंतु त्या दुःखावर जो उपाय सुचविला जात आहे तो आमच्या मतें चुकीचा आहे. आणि तो कां चुकीचा आहे हें स्पष्टपणें सांगावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

उतारवयांत स्थलांतर करण्याची रीत पाश्चात्यांकडे जुनी आहे. इंग्लंडांतील पेन्शनर आपल्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यास जाई. पुढें तो स्पेनपर्यंत जाऊं लागला. अमेरिकेंत उत्तरेकडील थंडीस कंटाळलेला म्हातारा फ्लॉरिडा गांठतो, आणि १९६० सालीं ॲरिझोनाच्या वाळवंटांत "सन सिटी" या नांवाची केवळ उतारवयाच्या लोकांसाठीं वसविलेली नगरी उघडली तेव्हां ती पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. त्या लोकांचें कारण निदान उघड आहे : थंडीनें सांधे धरतात आणि उन्हानें ते सुटतात. आमच्याकडे तें कारण नाहीं. ज्यानें मे महिन्यांत दुपारीं ठाणें-पनवेल लोकलनें प्रवास केला आहे, तो अधिक उष्ण प्रदेशाच्या शोधांत खासच निघणार नाहीं. आम्हांस हवी आहे ती ऊब निराळी. मराठींत गोधडीची ती ऊब आणि मायेच्या माणसाची तीहि ऊबच. शब्द एकच असल्यामुळें आमच्या मंडळींचा घोटाळा झालेला दिसतो. हवा जसा त्या त्या स्थळाचा गुण, तशी ऊबहि एखाद्या गांवाचा गुणच आहे, आणि जमिनीच्या खरेदीखताबरोबर ती आपल्या नांवावर चढते, अशी त्यांची समजूत झाली आहे.

वास्तविक गोधडीकडेच नीट पाहिलें असतें तर हा भ्रम राहिला नसता. गोधडीची ऊब आजीच्या नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्यांची असते, आणि दुपारच्या वेळीं ती शिवीत बसलेल्या हातांची असते. माणसांतील ऊबहि अशीच वर्षानुवर्षें टांक्यास टांका लावून तयार होते. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : ज्यानें आहे त्या ठिकाणीं तीस वर्षांत शेजाऱ्यासाठीं एक टांका घातला नाहीं, त्यास नव्या गांवीं तयार गोधडी मिळणार नाहीं, आणि पैसे टाकून ती घ्यावयास तो गेलाच, तर त्या गांवाची होती ती गोधडीहि फाटल्यावांचून राहणार नाहीं.

या बेतास कोणी वानप्रस्थाचें भारदस्त नांव देतात. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातवंड दिसूं लागलें म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे हें खरें. पण त्या वानप्रस्थानें गांवांतील अन्न आणि घरांतील सारा संग्रह मागें टाकून जावयाचें असतें. आमचा आधुनिक वानप्रस्थ फ्रीज, वॉशिंग मशीन आणि विजेचा पंप घेऊन निघतो, अरण्याची आधीं मोजणी करवितो, त्यास दगडी गडगा नव्हे तर सिमेंटची भिंत घालतो, आणि मग फाटकास कुलूप लावून आंत शांति शोधूं लागतो. असें जाण्यास कायद्याची हरकत नसेल तर आमचीहि नाहीं. मात्र त्यागाचें नांव घेऊन कोणी खरेदी करूं नये.

दुसरें उदाहरण पुढें केलें जातें तें चाकरमान्याचें. "गिरणगांवांतला कोंकणी कामगार म्हातारपणीं गांवींच परतत असे ना? मग आम्ही गेलों तर काय बिघडलें?" हा आक्षेप अधिक वजनाचा आहे, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलींत दहा-पंधरा गडी दाटीवाटीनें राहत. कित्येक गांवांनीं तर मुंबईंत गांवकीच्या स्वतंत्र खोल्याच धरल्या होत्या. तेथून दरमहा मनिऑर्डर निघे. गणपति आणि शिमगा या सणांस प्रसंगीं कर्ज काढूनहि तो घरीं जाई. देवळाच्या जीर्णोद्धारांत आणि शाळेच्या छपरांत त्याची वर्गणी असे. गांवांतले तंटेहि त्याच्या चाळींतल्या बैठकींत येऊन पोहोंचत. अशीं तीस वर्षें काढल्यावर तो पेटी-वळकटी घेऊन एस. टी.तून उतरला, म्हणजे गांवास पाहुणा आला असें वाटत नसे. शरीरानें तो मुंबईंत असला तरी गांवाच्या हिशेबांतून त्याचें नांव कधीं गेलेलेंच नव्हतें. आमच्या मंडळींनीं त्याची परतीची गाडी तेवढी पाहिली. तिच्या आधींच्या साडेतीनशें मनिऑर्डरी पाहिल्या नाहींत.

याहून बोलकें उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचें आहे. दापोलीजवळचें मुरुड हें त्यांचें गांव. आज तेथील किनारा सुटीच्या दिवशीं शहरांतल्या मोटारींनीं भरून जातो, आणि आमच्या कित्येक मित्रांच्या स्वप्नांतलें घर त्याच पट्ट्यांत असतें. मुंबईंत शिकवून पोट भरीत असतांनाच कर्व्यांनीं "मुरुड फंड" काढला. मुरुडच्या लोकांकडून थोडें थोडें द्रव्य जमवून तें गांवाच्या उपयोगी लावावें, असा त्याचा हेतु होता. गांवासाठीं इतकें करणाऱ्या या गृहस्थांनीं १८९३ सालीं एका विधवेशीं पुनर्विवाह केला, तेव्हां त्याच मुरुडानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. लहान गांवाच्या उबेची ही दुसरी बाजू आमच्या मंडळींस दिसत नाहीं, किंवा दिसली तरी ती इतिहासजमा झाली असें त्या समजतात. जें गांव तुमची विचारपूस करतें तें तुमची चौकशीहि करतें. नव्या माणसाचें आडनांव विचारण्यामागें अजूनहि पुष्कळ ठिकाणीं काय विचारलेलें असतें, हें कोणास ठाऊक नाहीं? शहरी मित्रांस विचारपूस हवी, चौकशी नको. पण चुलीजवळ बसावयाचें तर धूरहि डोळ्यांत जावयाचाच. शहराच्या ज्या अलिप्ततेस आपण आज थंडपणा म्हणून नांवें ठेवतों, तिच्याच आश्रयानें आपल्यांतल्या कित्येकांनीं मनासारखीं लग्नें केलीं, मनासारखीं मतें बाळगलीं आणि मुलींस हवें तें शिकविलें, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

आतां ज्या शहरांतून आपण निघूं पाहतों त्याकडे वळूं. नवी मुंबई हीच मुळीं स्थलांतराची निर्मिति. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना "मार्ग" या नियतकालिकांत मांडली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. आणि त्या वेळच्या ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी या कामीं घेण्याचें ठरलें. तीं गांवें ओसाड नव्हतीं. भाताचीं खाचरें, मिठागरें आणि खाडींतली मासेमारी यांवर जगणारे आगरी, कोळी व इतर लोक तेथें पिढ्यान् पिढ्या नांदत होते. जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं दिलेल्या लढ्यांत जानेवारी १९८४ मध्यें उरण भागांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच जण मृत्युमुखीं पडले. त्यानंतर पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचें धोरण आलें. म्हणजे लहान, एकमेकांस ओळखणारी, सणावारीं एकत्र येणारी अशी जी वस्ती आमचे मित्र आज नकाशावर शोधीत आहेत, तशा ९५ वस्त्यांच्या शेतांवर आमचीं घरें उभीं आहेत.

त्या वस्त्या नाहींशा झाल्या असेंहि नव्हे. सारसोळें, करावें, दिवाळें, शिरवणें, जुहूगांव, घणसोली हीं गांवठाणें आमच्या सेक्टरांच्या मधोमध आजहि आहेत. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून सारसोळ्याच्या कोळीवाड्यापर्यंत चालत जाण्यास पंधरा मिनिटेंहि लागत नाहींत. पंचवीस वर्षांत आम्ही तेथें किती वेळां गेलों? मासळी घ्यावयास गेलों, आणि एकदां पाहुण्यांस दाखवावयाची म्हणून नारळीपौर्णिमेची मिरवणूक पाहून आलों. जिच्याकडून इतकीं वर्षें पापलेटें घेतलीं तिचा भाव आम्हांस ठाऊक आहे. तिचें घर कोणतें, तिच्या नवऱ्याची होडी अजून पाण्यांत जाते कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं. गांवठाणाचा विषय आमच्या बैठकींत निघतो तो अरुंद गल्ल्या, गर्दी आणि बेकायदा मजले यांपुरताच. या तक्रारींत तथ्य नाहीं असें नाहीं. पण ज्यांचीं खाचरें गेलीं त्यांनीं घरावर मजले चढवून भाड्यावर गुजराण करावी, यांत आश्चर्य तरी काय? आम्ही कांहीं गांवठाणास स्वर्ग ठरवूं इच्छीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, ज्यास पंचवीस वर्षांत रस्ता ओलांडून शेजारच्या गांवांत पाय ठेवावासा वाटला नाहीं, त्यास दोनशें किलोमीटरांवरच्या गांवांत आपलेपणा वाटेल, हें कशावरून?

आणि स्वेच्छेनें गांव निवडणें ही चैन सर्वांस नसते, हेंहि लक्षांत ठेवावें. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं ज्या विमानतळाचें उद्घाटन झालें आणि २५ डिसेंबरपासून जेथून विमानें उडूं लागलीं, त्याच्यासाठीं चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजें, वाघिवली अशा दहा वस्त्या उठवाव्या लागल्या. तेथील माणसांस भूखंड आणि मोबदला मिळाला असेल. पण ज्या देवळासमोर तीं रोज बसत तें देऊळ आणि उजवीकडचें-डावीकडचें घर त्याच क्रमानें कोणास परत देतां येतें? ज्यांच्याजवळ ऊब होती त्यांस उठावें लागलें, आणि ज्यांच्यासाठीं ते उठले ते आम्ही आज ऊब नाहीं म्हणून उठूं म्हणतों.

आतां कोंकणांत गेल्यावर काय होतें तें पाहूं. २००१ आणि २०११ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, आणि सिंधुदुर्गाचीहि घटली. साऱ्या देशाची संख्या वाढत असतां हे दोन जिल्हे रोडावले, कारण तेथील कर्तीं माणसें आमच्याकडे आलीं. रत्नागिरींत हजार पुरुषांमागें अकराशेंहून अधिक स्त्रिया आढळल्या, तें त्याच कारणानें. आमच्या इमारतीच्या दारांत पहारा करणारा, आमच्या घरीं सामान पोहोंचविणारा, आमच्या रुग्णालयांत रात्रपाळी करणारी मुलगी, यांतले कितीतरी त्या बंद घरांतूनच आलेले असतात. आम्हीं त्या गांवांचे तरुण घेतले, आणि आतां त्यांच्या मोबदल्यांत आपले म्हातारे देऊं करीत आहों! जेथें मुलांअभावीं शाळेचा पट खालावत चालला आहे त्या गांवास आणखी एका पेन्शनराची गरज आहे कीं काय, हा प्रश्न कोणी गांवास विचारीत नाहीं. गुंठ्याचा भाव तेवढा विचारतात.

यावर एक व्यवहारी उत्तर तयार असतें. "आम्ही पैसा नेतों. गवंड्यास काम मिळतें, माळ्यास पगार मिळतो, दुकानदाराचा माल खपतो." मिळतो, नाहीं असें नाहीं. पण त्याच पैशानें जमिनीचा भाव असा चढतो कीं गांवच्या मुलास पुढें स्वतःच्या गांवांत घरापुरती जागाहि घेतां येत नाहीं. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास सर्वसाधारणपणें जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. कायदा करणाऱ्यांचा हेतु उघड होता : जमीन कसणाऱ्याच्या हातीं राहावी. त्या कायद्यांतून वाट कशी काढावी, पणजोबांच्या नांवाचा सातबारा कोठें सांपडेल, याचीच चर्चा मात्र आमच्या सुशिक्षित बैठकींत रंगते. ज्या गांवाच्या साधेपणावर आपण मोहित झालों, त्या गांवीं पहिलें पाऊल कायद्यास बगल देऊन टाकावें, यांत आम्हांस मोठा विनोद दिसतो; पण त्याची किंमत गांव देतो, म्हणून हंसवत नाहीं.

घरांतल्या घरांतहि या बेताचा एक अन्याय आहे, आणि त्याविषयीं फार थोडे पुरुष बोलतात. आमचे एक स्नेही अठ्ठावन्नाव्या वर्षीं नोकरी सोडून समुद्रकांठच्या एका गांवीं जाऊन राहिले. घर सुरेख, अंगणांत माड, पायरीवरून समुद्र दिसे. तिसऱ्या पावसाळ्यापूर्वीं ते परत आले. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां ते म्हणाले, "गांवानें आम्हांस वाईट वागविलें असें मुळींच नाहीं हो. फक्त आमच्याकडे कामाशिवाय कोणी आलें नाहीं." चहा आणीत असलेल्या वहिनी दारांतच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपण तरी कामाशिवाय कोणाकडे गेलों का?" त्या एका वाक्यांत सारा प्रश्न आला. पुढें त्यांनीं जें सांगितलें तें ऐकण्यासारखें होतें. नव्या गांवीं त्यांच्या यजमानांस समुद्र मिळाला. त्यांस स्वयंपाकघरच मिळालें, आणि दर शनिवारीं शहरांतून येणारे पाहुणे मिळाले. इकडे सव्वीस वर्षांत जमविलेलें भजनी मंडळ, भिशीच्या मैत्रिणी, जिन्यावरची देवघेव, तापानें अंथरूण धरल्यावर न सांगतां पेज घेऊन येणारी समोरची बाई, हें सारें मागें राहिलें. ज्या शहरास त्यांचे यजमान थंड म्हणत त्यांत त्यांनीं आपली गोधडी केव्हांच शिवून ठेवली होती. यजमानांस ती दिसली नाहीं, कारण ते सकाळीं सातास गाडी धरीत आणि रात्रीं आठास परत येत. मग जागा कोणाची थंड होती?

प्रकृतीचा मुद्दा आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण तो सर्वांस ठाऊक आहे आणि सर्वच तो टाळतात. पन्नाशींत आपण समुद्र किती जवळ आहे हें मोजतों. सत्तरींत रुग्णालय किती दूर आहे हें मोजावें लागतें. घर पाहावयास आपण जातों डिसेंबरांत. तेथें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो तो जून ते सप्टेंबर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोलीच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गांवें दिवसचे दिवस अंधारांत राहिलीं. अशा प्रसंगीं मनुष्य गांवाचा कीं केवळ घराचा, याचा निकाल लागतो. जो दुसऱ्या दिवशीं कोयता घेऊन शेजाऱ्याच्या दारांतलें झाड तोडावयास गेला तो गांवाचा. ज्यानें शहरांतून रखवालदारास फोन करून आपलीं कौलें किती गेलीं तेवढेंच विचारलें, तो मालक. मालक असणें हा गुन्हा नव्हे. पण मालकाच्या म्हातारपणीं चार खांदे आपोआप जमत नाहींत.

मग कोणीं जाऊंच नये कीं काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. कर्व्यांचेंच उदाहरण पुढें नेऊं. १९१४ सालीं ते फर्ग्युसन महाविद्यालयांतून निवृत्त झाले तेव्हां छप्पन्न वर्षांचे होते, म्हणजे आमच्या आजच्या मित्रांच्याच वयाचे. त्यानंतर दोन वर्षांनीं त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें. आणि १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथें त्या काढण्यासाठीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलें. ज्या खेड्यानें त्यांस वाळींत टाकलें होतें त्याच खेड्यांच्या जगाकडे ते म्हातारपणीं वळले. पण आपणांस तेथें काय मिळेल हें पाहावयास नव्हे. सर्वांनीं कर्वे व्हावें असें सांगण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण दिशा तीच. ज्यास जावयाचें असेल त्यानें अवश्य जावें. मात्र जमीन घेण्यापूर्वीं एक सबंध पावसाळा भाड्याच्या घरांत काढावा. पत्नीची संमति रुकारावर न समजतां तिच्या मनासारखी वस्ती आधीं पाहावी. आपलें नांव त्या गांवच्या मतदारयादींत चढवावें, म्हणजे ग्रामसभेंत बसण्याचा हक्क मिळेल आणि पाण्याच्या टांकीचें भांडण आपलेंहि होईल. गणित, इंग्रजी, हिशेब, औषधोपचार, जें कांहीं आपणांस येतें तें आठवड्यांतून चार दिवस गांवच्या मुलांस द्यावें. आणि हें सर्व पंचावन्नीच्या आधीं सुरू करावें. कारण घेण्याचे दिवस येण्यापूर्वीं देण्याचे निदान दहा दिवाळसण तरी पदरीं हवेत. इतकें करण्याची तयारी असेल तर गांव कोणतें याला फारसें महत्त्व नाहीं.

आणि इतकें करण्याची तयारी असेल, तर जाण्याचीहि फारशी गरज उरत नाहीं. कोरिया यांनीं बेलापुरास १९८० नंतरच्या दशकांत "आर्टिस्ट्‌स व्हिलेज" ही वसाहत आंखली. तींत सात-सात घरें एका लहान अंगणाभोंवतीं मांडलीं होतीं, आणि अशा तीन घोळक्यांस मिळून आणखी एक मोठें अंगण. घराच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतीस लागलेल्या नव्हत्या, म्हणजे प्रत्येकास ऐपतीप्रमाणें आपलें घर वाढवितां यावें. पुढें कित्येकांनीं मूळचीं घरें पाडून आपल्या आवडीचीं बांधलीं, पण अंगणाची मांडणी टिकली. आम्हांस यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. वास्तुकार अंगण आंखून देऊं शकतो. त्यांत बाज टाकून बसणें राहणाऱ्यांनींच करावयाचें असतें. आमच्या उंच इमारतींत अंगण नसेल, पण गच्ची आहे, जिना आहे, सोसायटीचें बंद पडलेलें वाचनालय आहे. त्या गच्चीची किल्ली कोणाजवळ असते हें विचारून पाहा : बहुतेक ठिकाणीं ती गच्ची कोणीं वापरूं नये म्हणूनच कुलुपांत असते, आणि तसा ठराव आपणच सभेंत हात वर करून मंजूर केलेला असतो.

आमच्या स्वतःच्या निवृत्तीस आतां चारच वर्षें राहिलीं आहेत. कोंकणांतल्या भूखंडांचीं चित्रपत्रें आमच्याहि टेबलावर पडलेलीं असतात, आणि त्यांतला समुद्र आम्हांसहि निळाच दिसतो. म्हणून हा उपदेश दुसऱ्यास करतांना त्यांतून आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. गेल्या महिन्यांत आम्हीं एक लहानशी परीक्षा घेतली. आमच्या मजल्यावर आमच्याखेरीज तीन घरें आहेत. दारांवरील पाट्यांकडे न पाहतां त्या घरांतील माणसांचीं नांवें कागदावर लिहावयाचीं होतीं. आमच्या पत्नीनें अकराच्या अकरा लिहिलीं. आम्हांस चार आलीं, आणि त्यांतलें एक चुकलें. गुंठ्याचा भाव विचारण्यापूर्वीं वाचकांनीं ही परीक्षा आपल्या घरीं करून पाहावी. तींत जे उत्तीर्ण होतील त्यांनीं खुशाल कोठेंहि जावें. त्यांस सर्वत्र ऊब मिळेल. बाकीच्यांनीं आमच्याप्रमाणें आधीं समोरच्या दाराची घंटा वाजवावी.